बालदीतला समुद्र

खारवणे बंदरावर कानोसा आला तेव्हा गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. नारळाएवढा एक काळा गोळा, होडीच्या काठावरून दोरीने पाण्यात सोडायचा आणि विसरून जायचं, एवढंच काम. सरकार म्हणालं, हा समुद्राचा आवाज ऐकेल. गाव म्हणालं, त्यासाठी यंत्र कशाला हवं, आम्हाला तर झोपेतही दुसरं काही ऐकू येत नाही. पण जी होडी गोळा लावील तिला बर्फाच्या दरात सरकारी सवलत होती, आणि खारवणेकर सवलतीला कधी नाही म्हणत नाहीत. हंगाम संपायच्या आत बंदरावरच्या झाडून सगळ्या होड्यांना तो गोळा लागला. लोक त्याला नुसतं 'कान' म्हणू लागले.

ही सगळी उठाठेव रसिका तोडणकरची. स्वतःची होडी चालवणाऱ्या नागेश तांडेलाची ही थोरली मुलगी रत्नागिरीला संगणक शिकली, पुण्याच्या एका कंपनीत काही वर्षं दुसऱ्यांच्या गोदामांची गणितं जुळवत बसली आणि कंटाळून परत आली. गावाला वाटलं, पोरीला नोकरीवरून काढलं असणार. तिनेही खुलासा करण्याच्या भानगडीत न पडता मच्छीमार सोसायटीचं सचिवपद घेतलं, कारण ते दुसऱ्या कोणाला नकोच होतं. कानोसा योजनेची माहिती किनाऱ्यावरच्या सगळ्या सोसायट्यांना आली होती. बाकीच्यांनी ती वाचली, रसिकाने अर्ज केला.

आता हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं. मासे मुके असतात हा आपला गोड गैरसमज आहे. ढोमा पोटातल्या फुग्यावर स्नायू आपटून घुरघुरतो. खडपातली, म्हणजे पाण्याखालच्या खडकांतली, झिंगी नांगी मिटते तेव्हा टचकन आवाज होतो, आणि तशा लाखो नांग्या मिटत असल्या की पाण्याखाली फुटाणे भाजल्यासारखं वाटतं. बांगड्यांचा थवा एकदम वळला की सरसर होते. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो आणि लांबवर जातो. एका कानाला त्यातून नुसता कालवा कळतो. पण सगळ्या होड्यांचे कान एकाच वेळी ऐकत असले, तर कुठला आवाज कोणाला आधी पोचला आणि कोणाला नंतर, यावरून तो कुठून आला ते काढता येतं. त्यात उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि रंग मिसळला की यंत्र दुपारीच सांगू शकतं, उद्या पहाटे कुठला मासा साधारण कुठे आणि किती असेल.

खरी गंमत पुढे होती. तो अंदाज होडीवाल्याला मिळतो तसाच बेळगाव-पुण्याच्या घेणाऱ्यालाही मिळतो. त्यामुळे जाळं पाण्यात पडायच्या आधीच भाव ठरतो, लागेल तेवढाच बर्फ तयार होतो, गाड्या रिकाम्या येत नाहीत आणि मासळी वाळूवर सडत नाही. चार हंगामांत खारवण्याचं रूप पालटलं. सोसायटीचा स्वतःचा बर्फाचा कारखाना झाला. बायकांनी मासे कापून, पाकिटं बंद करून पाठवायची शेड उभी केली, आणि तिथल्या कमाईपुढे नवऱ्यांची कमाई झाकोळायला लागली तेव्हा घराघरांत थोडी धुसफुसही झाली. गोव्यात हॉटेलांत भांडी घासणारी पोरं परत येऊन होड्यांवर चढली. मुंबईहून, केरळाहून लोक हे बघायला येत. रसिका त्यांना बंदर फिरवून दाखवी, तेव्हा तिची मान जरा ताठ असे. असायलाच हवी होती.

यंत्राची एकच खोड होती. ते सांगे त्यापेक्षा बंदरावर मासळी नेहमी जास्त उतरे, विशेषतः सुरमई. गाव म्हणे, यंत्र कंजूष आहे. रसिकाने ते बनवणाऱ्यांना तीन-तीनदा कळवलं. त्यांना चूक सापडली नाही. जास्तीची मासळी यंत्र आपल्या परीने नकाशावर वाटून टाकी, जिथे त्याला आधीच मासे ऐकू आले असत त्याच जागांवर. जास्तीच आहे ना, मग तक्रार कसली, असं म्हणून तिनेही पाठपुरावा सोडून दिला.

आणि मग सागर नियोजन मंडळाचा नकाशा आला.

मंडळाच्या अधिकारी सपकाळ मॅडम तालुक्याच्या सभागृहात तो घेऊन आल्या. बाई बुलढाण्याच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या नोकरीच्या मुलाखतीला आल्या तेव्हा, हे त्या स्वतःच हसून सांगत. कामाला मात्र चोख. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत समुद्राची आखणी करायची, कुठे मासेमारी, कुठे जहाजांचा रस्ता, कुठे तरंगत्या पवनचक्क्या, हे त्यांचं काम. पडद्यावर खारवण्यासमोरचा समुद्र हिरव्या छटांनी भरलेला होता. जितके मासे जास्त तितका हिरवा गडद. आणि दीपगृहाच्या पश्चिमेला, त्या हिरव्याच्या मधोमध, एक लांबट पांढरा पट्टा होता. त्याच्यावर पवनचक्क्यांची चिन्हं काढलेली होती. चक्क्या उभ्या राहिल्या की त्यांच्या नांगरांच्या साखळ्यांमुळे तिथे जाळं टाकायला कायमची बंदी, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

सभागृहात मागे बसलेल्या होडीवाल्यांमध्ये एकदम सामसूम झाली. एरवी खुर्ची कमी पडली तरी आवाज चढवणारी ही माणसं. रसिकाला ते विचित्र वाटलं. तिने उठून विचारलं, हा पट्टा पांढरा कसा?

"तोडणकर मॅडम, हा आम्ही मनाने रंगवलेला नाही," सपकाळ म्हणाल्या. "तुमच्याच होड्या तिथे जातात, तुमचेच कान तिथे ऐकतात. चार हंगाम तिथे काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही. माहिती नसती तर आम्ही थांबलो असतो. इथे माहिती आहे, आणि ती सांगते की पाणी रिकामं आहे."

हरकत घ्यायची तर महिनाअखेरपर्यंत घ्या, पण पुराव्यासकट, असं सांगून त्यांनी नकाशा गुंडाळला. परतीच्या गाडीत रसिकाने बापाकडे पाहिलं. नागेश तांडेल खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती सोसायटीच्या कचेरीत दार लावून बसली. कानांनी टिपलेला मूळ आवाज मंडळाकडे जाई आणि सोसायटीच्या संगणकातही साठवलेला असे. तो कोणी ऐकत नसे. यंत्र त्यातून मासे वेचून घेई आणि बाकीचा गाळ तसाच पडून राही. त्या गाळात माणसांचं बोलणंही असे, आणि ते यंत्र हटकून टाकून देई, कारण समुद्राच्या पाण्यात माणसं बोलत नाहीत असं त्याला शिकवलेलं होतं. रसिकाने पांढऱ्या पट्ट्यातला आवाज काढला आणि कानांना हेडफोन लावला.

समुद्राचा तळ कसा ऐकू येतो ते तिला सुरुवातीच्या चाचण्यांपासून पाठ होतं. हे तसं नव्हतं. इथे पाणी जवळून डुचमळत होतं, भांड्यात डुचमळतं तसं. वर इंजिनाची धडधड, आणि तिच्यावर स्पष्ट, मालवणी शिव्यांनी सजवलेला, त्या होडीच्या बाळा सारंगाचा आवाज. तो सोसायटीच्या सचिवबाईंच्या बर्फाबद्दल काहीबाही बोलत होता. रसिका क्षणभर गोंधळली आणि मग तिच्या सगळं लक्षात आलं. कान समुद्रात नव्हताच. तो होडीत होता, समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या बालदीत.

कान कोरडा पडला तर यंत्र कुरकुर करतं आणि बर्फाची सवलत बंद होते. म्हणून बालदी. माशांच्या खास जागेवर पोचायच्या आधी कान हळूच वर ओढायचा, बालदीत बुडवून ठेवायचा, मासळी भरली की लांब जाऊन परत समुद्रात सोडायचा. कानाला वाटे तो पाण्यात आहे, आणि खरंच तो पाण्यात असे. आजूबाजूला मासा नसे इतकंच. होडी कुठे आहे ते तर उपग्रहावरून कळतच होतं. तेव्हा यंत्राने इमानाने टिपून ठेवलं, या ठिकाणी पाणी आहे, शांतता आहे, मासा नाही.

तिने एकामागून एक होडी लावली. कोणाकडे प्लास्टिकची बालदी, तिचा आवाज पोकळ. कोणाकडे पत्र्याचा डबा, तो खणखणे. कोणाकडे थर्माकोलची पेटी. बंदरावरची एकही होडी सुटलेली नव्हती, आणि मजा अशी की प्रत्येक जण आपल्या माणसाला बजावत होता, गावात कोणाला बोलू नको, ही अक्कल आपल्यालाच सुचली आहे. रसिकाला हसू फुटलं. मग तिने आपल्या घरची होडी लावली.

"ही खूण रसिकाक सांगू नको हां," तिचा बाप तिच्या भावाला, भूषणला, सांगत होता. "चेडवाची जात. उद्या लगीन करून दुसऱ्या बंदरार गेली तर आमचो खडप तिच्यावांगडा जातलो."

"तिच्या कॉम्प्युटरात नसतला काय ता?" भूषणने विचारलं.

"नाय. म्हणान तर बालदी."

तिने हेडफोन काढून ठेवला. खूण म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पाण्याखालच्या खडपावर होडी नेमकी आणायची तर जमिनीवरची दोन ठिकाणं एका रेषेत धरायची, आणि आडव्या अंगाने आणखी दोन. प्रत्येक घराची खूण वेगळी, आणि ती बापाने मुलाला होडीवर बसूनच दाखवायची, जमिनीवर बोलायची नाही. मुलीला तर नाहीच. मुलगी परक्या बंदरावर जाते. रसिकाने वयाची तेहतीस वर्षं ओलांडली होती, लग्नाचा विषय तिने केव्हाच मिटवला होता, आणि अख्ख्या बंदराची मासळी तिच्या शब्दावर विकली जात होती. तरी बापाच्या लेखी ती अजून दुसऱ्या बंदराच्या वाटेवर होती. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला.

संध्याकाळी नागेश तांडेल अंगणात जाळं विणत बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, कान बालदीत ठेवतास तुमी?"

"कोणी सांगल्यान?"

"तुमीच. त्या कानाक सगळा ऐकू येता."

विणण्याची सुई थांबली. काय काय ऐकलंस, असं त्याला विचारायचं होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने ते विचारलं नाही. मग तिने त्याला नकाशा समजावून सांगितला. पांढरा पट्टा म्हणजे नुसती त्याची जागा नव्हे. तिथे पाण्याखाली खडपांची रांगच आहे, गावातल्या प्रत्येक घराचा एकेक खडप त्या रांगेत आहे, आणि सगळ्यांनी मिळून ती रांगच्या रांग नकाशावरून पुसून टाकली आहे.

नागेशने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "माझ्या बापाशीन माका दाखवल्यान, तेका तेच्या बापाशीन," तो म्हणाला. "ती जागा कधी कागदार इली नाय, म्हणान आजपर्यंत रवली."

"आणि आता कागदार नाय म्हणानच जातली," रसिका म्हणाली.

यावर तो चिडला नाही. त्याला खरी भीती होती ती त्याने तिला सांगून टाकली. जागा उघड केली की ती सगळ्या किनाऱ्याला दिसणार. मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले बाहेरून येऊन एका फेरीत सगळा खडप उपसून नेणार. पवनचक्क्या आल्या तर आपण उपाशी, आणि नकाशा खरा केला तरी आपण उपाशी. मग निदान खूण तरी घरात राहू दे, असा त्याचा हिशेब होता. त्यात चूक काढणं रसिकाला जमेना. यंत्राचा नकाशा सगळ्यांना खुला होता, आणि तो खुला असावा म्हणून भाषणं तिनेच दिली होती.

दुसऱ्याच दिवशी तिने सपकाळ मॅडमना फोन लावला. काही न लपवता बालदीची सगळी हकीकत सांगितली. माहिती खरी असल्याची सही दर महिन्याला आपण केली आहे, तेव्हा जबाबदारी आपली, हेही सांगितलं. पलीकडून 'बालदी?' असं दोनदा विचारलं गेलं. मग बाईंना हसू आवरेना.

"चार हंगाम आमची शास्त्रज्ञ मंडळी डोकं खाजवत होती, की या बंदरासमोरचं पाणी इतकं गप्प कसं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, दंड होईल. सवलत काही काळ बंद होईल. ते मला टाळता येणार नाही. पण पट्टा वाचवायचा तर एक रस्ता नियमातच आहे. तो अजून कोणी वापरलेला नाही, म्हणून कोणाला माहीत नाही."

तो रस्ता असा होता. मूळ आवाज मंडळाकडे पाठवलाच पाहिजे असं नाही. गावाची सोसायटी तो फक्त स्वतःच्या संगणकात ठेवू शकते. यंत्र तिथेच, गावातच शिकतं, आणि मंडळाला फक्त मोठमोठे चौकोन कळवतं, की या चौकोनात जीव भरपूर आहे, त्या चौकोनात कमी. एकेक चौकोन इतका मोठा की त्यात पन्नास खडप लपून जावेत. बारीक नकाशा, ज्यावर होडी नेमकी नेता येते, तो गावाबाहेर जातच नाही. मंडळाला आखणीपुरतं कळतं आणि पर्ससीनवाल्याला काही कळत नाही. अट एकच. बंदरावरच्या सगळ्या होड्या त्यात हव्यात, एकही कान खोटा चालणार नाही. आणि आधी एकदा मंडळाचा माणूस होडीत बसून ऐकणार.

म्हणजे सगळ्यांनी एकमेकांसमोर बालदी कबूल करायला हवी होती. ज्या गावात माणूस सख्ख्या मेव्हण्यालाही आज कुठे मासा लागला ते खरं सांगत नाही, त्या गावात.

सभा रापणीच्या खोपीत भरली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं गावाचं सामाईक जाळं. सबंध वाडी दोरीला लागते आणि मासळीचे वाटे पडतात. अलीकडे ती वर्षातून चार-दोनदाच ओढली जाई, पण गंभीर गोष्टी बोलायच्या त्या तिथेच, असा रिवाज टिकून होता. रसिकाने नकाशा दाखवला, बालद्यांचं सांगितलं, कोणाचं नाव मात्र घेतलं नाही. खोपीतले सगळे पुरुष छताकडे बघायला लागले. बाळा सारंगाने तर असं कोणी केलं असेल तर त्याला बंदराबाहेर काढा म्हणून ठणकावलं. रसिकाला त्याचं रेकॉर्डिंग लावायचा फार मोह झाला. तो तिने गिळला. एकाला उघडं पाडलं की बाकीचे आपापल्या घरात शिरून दारं लावून घेणार, हे तिला माहीत होतं. कोणीतरी आपणहून बोलायला हवं होतं, आणि ते तिच्या हातात नव्हतं.

मग नागेश तांडेल उठला.

"माझी बालदी निळी," तो म्हणाला. "पयल्या दिसापासून कान तिच्यातच. चेडवान सही केल्यान ती खोटी झाली ती माझ्यामुळे. आता तुमी आपला आपला सांगा."

बाळा सारंगाने खाली वाळूकडे पाहिलं, मान खाजवली.

"माझो डबो," तो पुटपुटला. "रंगाचो."

आधी एक जण फिसकन हसला, मग दुसरा, आणि मग खोपीत हास्याची अशी लाट उठली की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. पेटी, पिंप, जुना कुकर, कोणी काय वापरलं ते सांगण्याची चढाओढच लागली. आपलीच अक्कल अशी प्रत्येकाची समजूत होती, ती मोडल्याचं दुःख कोणाला झालेलं दिसलं नाही. हसणं ओसरल्यावर बाळानेच मुद्द्याचं विचारलं, पर्ससीनवाल्यांचं काय. रसिकाने चौकोनांची गोष्ट सांगितली. ती काहींना कळली, पुष्कळांना कळली नाही.

"बाळादादा, रापणीच्या दोरीक हात लावल्याशिवाय वाटो मिळता काय?" तिने विचारलं.

"नाय."

"आणि हात लावल्यार कोणाचो वाटो चुकता काय?"

"तोवय नाय."

"तसाच ह्या. जो आपलो कान पाण्यात सोडतलो, तेकाच बारीक नकाशो. जो बालदीत ठेवतलो, तेका नाय. आणि बाहेरच्याक तर नायच."

हे मात्र सगळ्यांना एका झटक्यात कळलं, कारण हा कायदा त्यांच्या पणज्यांनी केलेला होता. पुढचा वाद फक्त एवढाच राहिला, की दंड सोसायटीने भरायचा की ज्याचा त्याने. तो बराच रंगला.

सपकाळ मॅडम ऐकायला आल्या त्या तोडणकरांच्या होडीवर. उलटी होऊ नये म्हणून औषध घेऊन आल्या होत्या, तरी दीपगृह मागे पडायच्या आत त्यांच्या पोटातलं सगळं समुद्राला अर्पण झालं. भूषणने त्यांना लिंबू दिलं, नागेशने एकदाही थट्टा केली नाही. पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला होडी आली तेव्हा इंजिन बंद केलं. नागेशने कान उचलला. सवयीने त्याची नजर बालदीकडे गेली. मग त्याने तो दोरी सैल करत करत पाण्यात सोडला, जणू आपल्या घरातल्या आजाऱ्याला परक्या डॉक्टरच्या हवाली करत असावा.

सपकाळ मॅडमनी हेडफोन कानाला लावला. तोंड पांढरंफटक, डोळे मिटलेले. हळूहळू ते उघडले. खालच्या खडपात नांग्या तडतडत होत्या, ढोमे घुरघुरत होते, आणि त्यांच्यावरून कसलातरी मोठा थवा सरसरत गेला. बाई ओकारी विसरून गेल्या. त्यांनी हेडफोन काढून नागेशच्या कानांना लावला.

त्याने आयुष्यभर त्या खडपावर जाळं टाकलं होतं, पण तो खडप कधी ऐकला नव्हता. तो ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

हरकत मान्य झाली. सबंध पट्टा मासेमारीसाठी राखला गेला आणि पवनचक्क्या आणखी बाहेर, खोल पाण्यात सरकल्या. तिथे गावाच्या होड्यांनी आधी महिनाभर खरे कान टाकून ऐकलं आणि पाणी रिकामंच आहे याची खातरी दिली. चक्क्या उभारणाऱ्या कंपनीला माणसं आणि सामान ने-आण करायला होड्या हव्या होत्या. ते काम सोसायटीला मिळालं. बर्फाची सवलत बंद राहिली त्या काळात गावाने कुरकुरत का होईना पुऱ्या दराने बर्फ घेतला. यंत्राचा अंदाज आता उतरलेल्या मासळीशी जुळायला लागला, आणि कंजूष हे त्याचं नाव मागे पडलं. आसपासच्या बंदरांच्या सोसायट्या चौकोनांचा नियम शिकायला खारवण्यात येऊ लागल्या. आल्या की रसिका त्यांना पहिला प्रश्न विचारी, तुमच्याकडे बालदी की डबा? एकही बंदर असं निघालं नाही, जिथल्या माणसांनी त्यावर खाली पाहिलं नाही.

बापलेकीत मात्र त्या रेकॉर्डिंगबद्दल एक शब्द झाला नाही. तिने विचारलं नाही, त्याने काढलं नाही. जेवताना दोघं बर्फाबद्दल बोलत, इंजिनाबद्दल बोलत. त्याने तिच्यासाठी भर खोपीत मान खाली घातली हे ती विसरली नव्हती, आणि तो तिला काय समजत होता हेही विसरली नव्हती. दोन्ही एकाच माणसाचं होतं, त्याला ती काय करणार.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा एका सकाळी नागेश कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला आणि चल म्हणाला. कुठे ते सांगितलं नाही. तिने संगणक बंद केला आणि निघाली. होडीत सुकाणूवर भूषण होता. तो बहिणीकडे बघून नुसता हसला.

खडपाजवळ आल्यावर नागेशने वेग कमी करायला सांगितलं. रसिकाच्या हातात बारीक नकाशा होता, त्यावर त्यांची होडी एक ठिपका होऊन सरकत होती. बापाने नकाशावर हात ठेवला आणि तो खाली केला.

"तुझ्या नकाशार ह्या सगळा असतला, माका ठावक आसा," तो म्हणाला. "तरी माझ्याकडसून ऐक. तो देवळाचो कळस दिसता? तेच्या मागसून डोंगराची खाच सरळ वर येवक व्हयी. ही एक. आता हय बघ, उजवीकडे. बेटावरचा दीपगृह आणि तो काळो खडक एकामागे एक इले, की नांगर सोडूचो. सांग बघू."

रसिकाने कळसाकडे पाहिलं, खाचेकडे पाहिलं. नकाशा तिने बाजूला ठेवला. तिने कळस आणि खाच बरोबर सांगितली. दुसऱ्या रेषेत दीपगृहाच्या जागी भलतंच काहीतरी सांगून बसली.

"चुकलंस," नागेश म्हणाला. "परत सांग."

भूषणने होडी वळवून पुन्हा मागे घेतली, आणि रसिकाने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.